डोंगा ऊस

गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, उतरली की आमच्या कवितेच्या मंडळातल्या लोकांचे एकमेकांना फोन सुरू होतात, "औंदा हुरडा कधी?" कविता कधी, असं कुणी विचारत नाही, पण मनात तेच असतं. सोलापुरातून मंगळवेढ्याच्या वाटेला एका सभासदाचं काळं रान आहे. गेली 14 वर्षं आमचा वार्षिक मेळावा तिथंच होतो, लिंबाखाली.

नारळ, प्रास्ताविक, जमाखर्च, "मंजूर, मंजूर" हे पाऊण तासात उरकतं. मग आगटीत कणसं पडतात, गोवऱ्यांचा धूर सुटतो आणि मास्तर घसा खाकरतात. नियम त्यांचाच. प्रत्येकानं एकच ओळ आणायची. ओळीत झाड, पाखरू, पीक, पाणी असं काहीतरी हवं, आणि ते आपण स्वतः कुठं पाहिलं ते सांगायचं. पाहिलं नसेल तर ओळ म्हणायची नाही, नुसता हुरडा खायचा. मास्तरांनी आयुष्यभर पोरांना उपमा आणि रूपक शिकवलं. ते म्हणायचे, "चंद्रासारखं मुख असं सगळी पोरं लिहितात, पण काल चंद्र केवढा होता विचारलं की वर्ग गप्प." त्यातूनच हा नियम निघाला.

हा नियम आमच्या मंडळाचा जीव आहे असं मी मानतो. कवीला रानातली गोष्ट सापडते ती त्यानं हाताळलेली असते म्हणून, हे मला पुस्तकानं शिकवलं नाही, या लिंबानं शिकवलं.

एका वर्षी ज्ञानेश्वरीतला भुंगा निघाला. कोरडं लाकूड कसंही असो, भुंगा ते पोखरतो, पण कोवळ्या कळीत अडकून पडतो. मोहात सापडलेल्या अर्जुनासाठी माउलींनी हा दाखला दिलाय. ज्यांनी ओळ आणली होती ते काका काही न बोलता उठले आणि गोठ्याच्या वाशाकडं बोट केलं. वाशाला करंगळीएवढं गोल भोक, आत घूं घूं आवाज, खाली कडब्यावर पिवळा भुसा सांडलेला. आम्ही सगळे माना वर करून उभे. एवढं लाकूड कोरणारा तो जीव पाकळीपाशी का थांबावा, याचं उत्तर कुणी दिलं नाही आणि कुणी मागितलंही नाही.

एका वर्षीचं मात्र मला अजून टोचतं. मंडळाचे सभासद 60 च्या वर, पण त्या रविवारी लग्नाची तीथ दाट होती आणि आले फक्त 19. नेमके त्याच वर्षी सोलापूरच्या पूर्व भागातले आमचे दादा बोलले. दादांच्या घरात तेलुगू, उभी हयात चादरीच्या कारखान्यात गेली. चारचौघांत मराठी बोलायला बिचकायचे. त्यांनी बहिणाबाईंचा खोपा आणला होता. "अरे खोप्यामधी खोपा सुगरणीचा चांगला." म्हणाले, "विहिरीवरच्या बाभळीला मी तासभर बघत बसलो. चोचीनं धागा खुपसायचा, पलीकडून ओढायचा, परत खुपसायचा. मागावर तार तुटली की आम्ही सांधतो तसंच. अन् विणणारा नर असतो हो. मादी येऊन खोपा पसंत करते." कुणीतरी म्हणालं, मग बहिणाबाईंचं चुकलं का? दादा जरा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "नाही. खोपा बघून त्यांना आईच दिसली असेल. मी बघितला तेव्हा मला माझा बाप दिसला, मागावर बसलेला." पुढं त्यांना बोलता येईना. हे ऐकायला आम्ही 19 जण होतो. बाकीच्यांना मी नंतर भेटेल तिथं सांगत सुटलो, पण सांगून ते येत नाही. जे हुरडा खातात आणि ओळी सुरू झाल्या की गाडी काढतात, त्यांच्याबद्दलही माझ्या मनात राग आहे. तो इथं लिहून ठेवतो.

माढ्याकडचे एक सभासद दरवर्षी कांद्याची पाटी आणतात. सावता माळ्यांचं अरण त्यांच्याच तालुक्यात. "कांदा मुळा भाजी अवघी विठाबाई माझी" एवढंच म्हणून ते खाली बसतात. मास्तर दरवेळी तेच सांगतात की इथं 'सारखी' हा शब्दसुद्धा मध्ये नाही, भाजी तीच विठाई, याला म्हणायचं रूपक. आम्ही दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकतो.

पण मला विचाराल तर मेळावा म्हणजे आक्का. आक्का रानाच्या मालकांच्या आई. पहिली सात-आठ वर्षं त्या चुलीपाशी, भाकरी थापत. आमच्यात येऊन कधी बसल्या नाहीत. एकदा चोखोबांच्या अभंगावरून वाद पेटला होता, हा दृष्टांत की रूपक. चोखोबा इथल्याच मंगळवेढ्याचे, 1338 साली गावकुसाची भिंत अंगावर पडून तिथंच गेले, त्यामुळं त्यांच्या ओळीवर आमच्याकडं सगळेच हक्क सांगतात. तेवढ्यात आक्का पदराला हात पुसत आल्या. हातात ऊस. बुडाशी आडवा, मध्ये वाकडा, शेंड्याला पुन्हा सरळ वर गेलेला. म्हणाल्या, "वाऱ्यात पडला हुता. पडून पुन्यांदा उठलेला ऊस असाच ऱ्हातो. चरकात नीट जात न्हाई म्हणून रसवंतीवाला घेत न्हाई. चावून बघा, मग भांडा." विळ्यानं कांडकी केली, हुरड्यानं हिरव्या झालेल्या आमच्या हातांवर एकेक ठेवलं, आणि हळू आवाजात म्हणाल्या:

"ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा ।
काय भुललासी वरलिया रंगा ॥"

वाद तिथंच संपला. चोखोबांनी पुढं कमान घेतली, नदी घेतली आणि शेवटी स्वतःला त्याच रांगेत उभं केलं, "चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा". हे मला शाळेपासून पाठ होतं, पण तोंडात रस असताना ते पहिल्यांदा कळलं. तेव्हापासून दरवर्षी आक्कांच्या उसानंच शेवट होतो. यंदा त्यांना चालवत नव्हतं, बाज लिंबाखाली आणली. पडलेला ऊस सुनेनं आधीच बाजूला काढून ठेवला होता.

आता ज्यांच्यामुळं हे सगळं होतं ते. सतरंज्या देणारे मंगल कार्यालयवाले, भाडं कधी घेतलं नाही. शेंगाचटणी घरून कुटून आणणाऱ्या दोघी जावा. दह्याची कळशी मांडीवर धरून बसणारा कॉलेजचा पोरगा. कणसं चोळून हाताला फोड आले तरी न थांबणारे सालगडी आणि त्यांची बायको. माईकची वायर दरवर्षी जोडणारे बँकेतले साहेब. जमाखर्चाची वही सांभाळणाऱ्या ताई. पाण्याचे जार, पत्रावळी, नंतरची झाडलोट बघणारी तिघं. कुणी राहिलं असेल तर ती चूक माझी, मला सांगावं, पुढच्या वेळी आधी त्यांचं लिहीन.

आणि राहिलेच, टेम्पोवाले मामा. इतकी वर्षं आम्हाला नेतात-आणतात, कार्यक्रमभर केबिनमध्ये झोपतात असं आम्ही धरून चाललो होतो. यंदा परतताना कामती ओलांडली, मागं सगळे पेंगत होते. मामांनी आरशात बघून विचारलं, "ते आक्कांचं उसाचं परत एकदा म्हणा की ओ. मधली नदीची ओळ माझी राहून जाती दरवर्षी."