छान वास येतोय हं

गेल्या सोमवारी आमच्या इमारतीत लिफ्टशेजारच्या फलकावर एक कागद लागला. प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला, चारही कोपऱ्यांना सारख्या अंतरावर पिना. ‘स्वयंपाकाचा वास आणि रात्रीचा आवाज यांबाबत सर्व रहिवाशांना नम्र विनंती.’ कोणाचं नाव नाही, मजला नाही, मसाला हा शब्द नाही. भाषा इतकी अदबीची की पहिल्या तीन ओळी नुसत्या क्षमा मागण्यात गेलेल्या.

पण या इमारतीत फोडणी एकाच घरात होते. आमच्या.

टोकियोच्या या निशी-कासाई भागात भारतीय पुष्कळ; पण आमच्या या इमारतीत आम्हीच. नऊ वर्षांत कोणी एका शब्दाने तक्रार केली नाही. उलट शेजारच्या आजीबाई लिफ्टमध्ये भेटल्या की दर वेळी म्हणतात, ‘इई निओइ देसु ने.’ छान वास येतोय हं! मी हे आईला फोनवर किती कौतुकाने सांगितलं होतं. बघ, टोकियोत आपल्या गोड्या मसाल्याचं नाव होतंय म्हणून.

तो कागद वाचला आणि नऊ वर्षांतलं ते प्रत्येक ‘छान’ मी परत काढून तपासायला लागले. क्योतोच्या लोकांबद्दल इथलेच लोक सांगतात, की शेजारीण ‘तुमच्या मुलीचा पियानो हल्ली छान सुधारलाय हो’ असं म्हणाली, तर समजायचं की आवाज फार होतोय. मनातलं ते होन्ने, तोंडावर दाखवायचं ते तातेमाए. जपानात आल्या आल्या प्रत्येकाला हे दोन शब्द कळतात. आपल्यावर कधी वापरले गेले, ते मात्र कोणी सांगत नाही.

कराडला आमच्या शेजारच्या काकू गॅलरीतूनच ओरडायच्या, ‘अगं ए, काय जाळतेयस? डोळे चुरचुरले की!’ विषय तिथेच संपायचा. त्याच काकूंनी माझं लग्न लांबलं तेव्हा तो विषय चार वर्षं आख्ख्या आळीला पुरवला, तेही खरं. पण तेही त्या तोंडावरच विचारायच्या.

हे सगळं डोक्यात घेऊन मी शनिवारी लेकीबरोबर ‘ब्लड-सी’ ही जपानी कार्टून मालिका बघायला बसले. लेक चौदाची. मैत्रिणीकडून डिस्क आणलेली, ‘आई, तू बरोबर बसलीस तरच बघेन’ म्हणाली म्हणून बसले. मालिका जुनी, २०११च्या जुलै ते सप्टेंबरमधली, बाराच भागांची. प्रॉडक्शन आय.जी. या स्टुडिओची, कथा आणि पात्रांची मूळ चित्रं क्लॅम्प या चित्रकार बायकांच्या गटाची, दिग्दर्शन त्सुतोमु मिझुशिमा यांचं. टीव्हीवर ती अपरात्री लागायची. इथे त्या वेळेला पंचवीस वाजले, सव्वीस वाजले असं छापतात, म्हणजे आदल्या दिवसाची रात्र अजून संपलेली नाही. त्या वेळीसुद्धा काही दृश्यं काळ्या सावलीने नाहीतर पांढऱ्या झोताने झाकली होती. डिस्कवर झाकलेलं काही नाही.

गोष्ट सायाची. तलावाकाठचं छोटं गाव, बाप देवळाचा पुजारी, आई नाही. दोन बाजूंना बांधलेले लांब केस, चष्मा, धांदरट पोर. स्वतःच रचलेलं गाणं म्हणत शाळेत जाते आणि उशिरा पोचते. रात्री बाप देवाची तलवार हातात देतो आणि ही माणसं खाणाऱ्या ‘फुरुकिमोनो’ना मारायला निघते. देवळासमोर एक कॅफे आहे. त्याचा मालक फुमितो हसतमुख, तिला रोज सकाळी नाश्ता देतो, शाळेचा डबा देतो, कॉफीबरोबर ‘गिमोव्ह’ नावाची मऊ पांढरी मिठाई देतो.

रविवारी वहिनीचा फोन आला आणि मागून आवाज ऐकून तिने विचारलं, काय चाललंय? सांगितलं. ‘अहो ताई, वयात आलेल्या पोरीला असलं रक्ताचं कार्टून दाखवता तुम्ही? तिथे सगळेच असं बघतात का?’

माझं डोकं तडकलं. दोन गोष्टींनी. एक, २०२५च्या सप्टेंबरात ‘डीमन स्लेयर’ या अशाच जपानी कार्टूनचा सिनेमा आला तेव्हा माझा भाचा, म्हणजे हिचाच मुलगा, पुण्यात थिएटरला जाऊन बघून आला, तेव्हा कोणाला रक्त दिसलं नाही. दुसरं, आपण काय गोष्टी सांगत वाढलो? नृसिंहाने उंबऱ्यावर बसून हिरण्यकश्यपूचा कोथळा काढला, ही गोष्ट मला आजीने जेवताना भरवत सांगितली आहे. आमची कुलदेवी तुळजाभवानी, महिषासुराला पायाखाली घेतलेली. तिच्या तसबिरीपुढे नवरात्रात नऊ दिवस आम्ही हात जोडून उभे. हातात देवाची तलवार घेऊन राक्षस मारणारी पोर आपल्याला परकी कशी? मी वहिनीला म्हटलं, इथे सहा वर्षांची मुलं दप्तर घेऊन एकटी शाळेत जातात, संध्याकाळी भोंग्यावर धून वाजली की एकटी घरी येतात, चौकात पिवळं निशाण धरून म्हातारी माणसं त्यांना रस्ता ओलांडून देतात. पडद्यावरचं रक्त पडद्यावर राहतं. तुमच्याकडे पोर सातच्या आत घरात आली नाही तर जीव खाली-वर होतो की नाही?

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. ती गप्प झाली. तिच्याही घरात मुलगी आहे. आणि तिला मी सांगितलं नाही ते हे, की २०१५ साली चीनच्या सांस्कृतिक मंत्रालयाने ज्या ३८ जपानी मालिका आणि चित्रकथांवर बंदी घातली, त्यांत ही होती. सांगितलं असतं तर माझी बाजू पडली असती, म्हणून नाही सांगितलं.

आता शेवटच्या दोन भागांबद्दल. ज्यांना बघायची आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडावेत.

गावातलं सगळं खोटं निघतं. वर्गातल्या मैत्रिणी, जुळ्या बहिणी, वर्गशिक्षिका, इतकंच काय, जिच्या जिवावर ती लढते ती ‘बाप’ ही हाकसुद्धा. जवळजवळ सगळे मोबदला देऊन आणलेले नट. सायाच्या आठवणी पुसून तिच्यावर प्रयोग चाललेला. ती कोण आहे हे तिला सोडून सगळ्यांना माहीत. आणि हा खेळ मांडणारा कोण, तर रोज नाश्ता देणारा फुमितो. जुळ्या बहिणी क्षणात आवाज बदलतात. दहा भाग किणकिणत्या आवाजात ‘साया-चान, साया-चान’ करणाऱ्या पोरी कंटाळलेल्या बायकांसारख्या बोलायला लागतात. हे मला सगळ्या रक्तापेक्षा भयंकर वाटलं. त्यानंतर प्रचंड ससे येतात आणि गावकऱ्यांना हातात धरून चिरडतात, पिळतात, फाडतात. चंद्रावर ससा तेही बघतात आणि आपणही. आपण चंद्राला शशांक म्हणतो, त्यांचा ससा वर बसून मोची, म्हणजे चिकट भाताची मिठाई, कुटतो. तोच गुबगुबीत ससा. लेकीने उशी तोंडावर धरली. मी नाही धरली.

मी सायाचा चेहरा बघत होते. तिला वाईट कशाचं वाटतं? फसवलं याचं कमी. ज्यांच्यासाठी लढले ती माणसं तशी नव्हतीच, याचं जास्त. आणि तरी, खोटी निघाल्यावरही, ती त्यांना वाचवायला धावते. शेवटी फुमितो तिच्यावर गोळी झाडून निघून जातो आणि ती त्याच्या मागे उठून चालायला लागते. पुढची गोष्ट २०१२च्या सिनेमात आहे. लेकीने सांगितलं, ही साया पहिलीही नाही. २००० सालच्या सिनेमात ती योकोता या अमेरिकन तळावरच्या शाळेत आहे, काळ १९६६चा. नंतर पन्नास भागांच्या मालिकेत ओकिनावात. दर वेळी नवी शाळा, नवा गणवेश, आणि तिथली माणसं तिची नाहीत.

लेक झोपल्यावर मी बराच वेळ बसून होते. हीसुद्धा तिसरीत इथल्या सरकारी शाळेत गेली तेव्हा पहिल्या दिवशी अख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवल्या होत्या. दोन मुली रोज न्यायला दारात यायच्या. मी तेव्हा हा देश केवढा चांगला म्हणून पानभर लिहिलं होतं. मला नंतर कळलं, त्या दोघींना बाईंनी नेमून दिलं होतं. तीन महिन्यांची पाळी होती. मग पाळी संपल्यावर एक यायची थांबली, दुसरी अजून येते. ही डिस्क तिचीच.

बुधवारी आजीबाई लिफ्टमध्ये भेटल्या. हातात नेगीची, म्हणजे इथल्या लांब कांदापातीची, जुडी. ‘इई निओइ देसु ने,’ म्हणाल्या. मी विचारलंच, ‘मेइवाकु देसु का?’ त्रास होतो का तुम्हाला? असं कोणी थेट विचारत नाही इथे. त्यांनी चेहऱ्यासमोर हात हलवत ‘इइए, इइए’ म्हटलं. नाही, नाही. डोळे हसत होते, पण ते नेहमीच हसतात. त्यांचा मजला आमचाच, दारापर्यंत दोघी न बोलता चाललो.

काल सकाळी आमच्या दाराच्या मुठीला पिशवी अडकवलेली होती. आत दिवाळीच्या चिवड्याचा माझा स्टीलचा डबा, घासून लखलखीत केलेला, आणि डब्यात सात मिकान, इथली छोटी संत्री. रिकामा डबा परत करू नये हे त्यांच्यातही आहे. एक चिठ्ठी: ‘डबा परत करायला उशीर झाला, क्षमा असावी. चिवड्यातले काळे बारीक दाणे कशाचे? खमंग होते.’ प्रत्येक कांजीवर, म्हणजे चिनी वळणाच्या अवघड अक्षरावर, बारीक पेन्सिलीने ‘काना’ या सोप्या जपानी लिपीत उच्चार लिहिला होता, मला वाचता यावं म्हणून. नऊ वर्षं झाली, मला कांजी वाचता येतात. तरीही त्यांनी म्हाताऱ्या हाताने एकेका अक्षरावर तो लिहिला होता.

मोहरीची पुडी त्यांच्यासाठी बांधून ठेवली आहे. आज आमटी केली. पंखा तीनवर ठेवला, खिडकी नेहमीसारखी उघडी.