काजूच्या बागेत पांढरं फडकं

फेब्रुवारीत आमच्या काजूच्या बागेत, वरच्या कोपऱ्यात, वानर मरून पडलेलं दिसलं. दोडामार्गात २०१६ साली गोचडी चावून होणारा माकडताप आला, तेव्हापासून मेलेल्या माकडाला हात लावायचा नाही हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक आहे. अंग गार पडलं की त्याच्यावरच्या गोचड्या उतरून भोवतीच्या पातेऱ्यात, म्हणजे सुक्या पानांत, पसरतात. कळवायचं कुणाला, यावर मात्र पाच फोन झाले. जो तो दुसऱ्याचा नंबर द्यायचा.

दुसऱ्या दिवशी माणसं आली. त्यांच्यातले एक कीटक समाहारक म्हणाले, गोचड्या मारायची पावडर टाकण्याआधी थोड्या गोळा करू. विषाणू शोधायचा म्हणजे काहीतरी यंत्र निघेल असं वाटलेलं. पिशवीतून निघालं काठीला बांधलेलं पांढरं फ्लॅनेलचं फडकं!

हातापायांना गोचड्या दूर ठेवणारं तेल चोळून, पँट मोज्यांत खोचून मी वाट दाखवायला गेलो. फडकं पातेऱ्यावरून, रानमोडीच्या झुडपांवरून ओढायचं आणि दर थोड्या पावलांनी उलटून बघायचं. मला काहीच दिसेना. "तो तीळ बघा," ते म्हणाले. तीळ चालायला लागला. या दिवसांत गोचडीची पिल्लं असतात, आणि माणसाला जास्त करून तीच चावतात. चिमट्यानं उचलून कुपीत टाकली, कुपीवर जागेचं नाव. वरचा कोपरा वेगळा, व्हाळाकाठ, म्हणजे ओढ्याची बाजू, वेगळी. प्रयोगशाळेत एका जागेच्या, एका जातीच्या गोचड्या एकत्र वाटून तपासतात. एकेक तपासत बसलं तर पुरं पडणार नाही. म्हणजे उत्तर मिळतं ते जागेचं.

रिपोर्ट येईतोवर बागेत जायचं नाही. काकी रोज विचारायची, "बोंडा पडान कुजतत, ती काय रिपोर्टाची वाट बघतली?" मी काय सांगणार? एका सकाळी तेल चोळून व्हाळाकाठी गेलो आणि टोपलीभर बिया वेचून आणल्या. वानर मेलेल्या जागेपासून लांब, म्हणून निर्धास्त.

रिपोर्ट आला. वरचा कोपरा निगेटिव्ह, व्हाळाकाठ पॉझिटिव्ह.

आशाताईंना सगळं सांगून टाकलं. बोलणी खाल्ली. मग आठवडाभर त्या रोज ताप बघून गेल्या. आला नाही. वरच्या कोपऱ्यातल्या बिया तेल लावूनच वेचल्या, कारण निगेटिव्ह म्हणजे त्या कुपीतल्या गोचड्यांत विषाणू नव्हता, एवढंच. व्हाळाकाठचा काजू यंदा तसाच गेला.