दुसरा शनिवार माहेरचा

डिसेंबरात नाताळच्या सुट्टीत आई खळ्यात पाय मुरगळून पडली, हात मोडला, आणि मला ते कळलं सोमवारी. तिनं शनिवारी दोनदा फोन केला होता. आमच्या तिन्ही खोल्या भरलेल्या, मी सुरमई तळत होते, फोन मिक्सरच्या बाजूला वाजून वाजून बंद झाला. सोमवारी ऑफिसमधून लावला तर म्हणाली, "तुझ्याकडे पावणे असतील म्हणून मग परत नाही केला गो." रागावली असती तर बरं वाटलं असतं. आईनं स्वतःहून मला सूट दिली होती, ते मला सहन झालं नाही.

मी दापोली तालुक्यात राहते, किनाऱ्यावर. माहेर गुहागरकडचं. दिवसा ऑफिसात अकाउंट्स बघते, संध्याकाळनंतर नवऱ्याबरोबर होमस्टे, सासऱ्यांची, अण्णांची, नारळ-पोफळीची वाडी आहे, लेक आठवीत. सगळं मनापासून करते. पण त्या सोमवारनंतर वाटायला लागलं की मी हे सगळं करतेय ते ठरवून करतेय की जो आधी हाक मारेल त्याच्याकडे धावतेय?

म्हणून जानेवारीभर एक केलं. रोज रात्री कॅलेंडरच्या चौकटीत अक्षरं लिहायची, आज मी कोण होते. ऑ म्हणजे ऑफिस, पा पाहुणे, वा वाडी, ले लेक, मा माहेर. महिना संपल्यावर मोजलं तर ऑ तेवीस, पा चौदा, ले सहा (त्यातले दोन दिवस ती तापानं झोपून होती म्हणून), वा चार आणि मा एक. आणि माझ्या स्वतःसाठी मी अक्षरच ठेवलं नव्हतं, हे तर फेब्रुवारी लागल्यावर लक्षात आलं.

मग वहीत लिहायला बसले की मला आयुष्याचं नेमकं काय करायचंय. पहिलं वाक्य आलं, 'सगळ्यांना सुखात ठेवायचं.' दोन दिवसांनी खोडलं, कारण दुसऱ्याचं सुख माझ्या हातात नाही आणि असल्या वाक्यावरून उद्या सकाळी काय करायचं तेही कळत नाही. मग प्रश्न उलटा विचारला, दहा वर्षांनी कशाची हळहळ वाटेल? त्यातून जे उरलं ते असं: माझ्या माणसांना माझ्याशी बोलायला वेळ मागावा लागू नये, आणि अण्णांच्या मागे वाडी माझ्या हातानं चालावी. बढतीचं काही आलंच नाही त्यात, मलाच नवल वाटलं.

ध्येयाचं म्हटलं की आमच्याकडे मुरुडच्या महर्षी कर्व्यांचं नाव निघतंच. परीक्षेसाठी मुरुडहून घाट चढून साताऱ्याला चालत गेले आणि वय लहान दिसतं म्हणून परत पाठवले गेले, ही गोष्ट आम्ही शाळेपासून ऐकलीय. 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम, 1916 मध्ये महिला विद्यापीठ, 1958 ला भारतरत्न. मला आता त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी बाया कर्वे जास्त आठवतात. इकडे संसार ओढला आणि आश्रमासाठी वर्गणी मागत त्याही फिरल्या. मला वाटतं, एकाचं ध्येय घरातल्या सगळ्यांच्या दिवसातून वाट काढत जातं, त्यामुळे ते वहीत लिहून मिटवून ठेवायचं नसतं, घरात बोलायचं असतं.

बोलायला मात्र मला मार्च उजाडला, आणि तेही अण्णांमुळे.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीतल्या बहुतेक पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, दुपारभरात आडव्या झाल्या, माडही पडले. दुसऱ्या दिवशी अण्णा त्या पडलेल्या खोडांवरून चालत होते, एक शब्द नाही तोंडातून. पावसाळा सरायच्या आत त्यांनी नवी रोपं लावली, सावलीला केळी. पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात आणि तेव्हा त्यांचं वय चौऱ्याहत्तर. कुणीतरी विचारलंही, आता कशाला? ते म्हणाले, रिकामी वाडी बघवत नाही.

तर मार्चातल्या एका सकाळी मी शिंपायला गेले. अजून आमच्याकडे पाटानंच पाणी जातं, पंप विहिरीवर. माझी घाई, ऑफिसची एसटी गाठायची, म्हणून मी पाटाची चारपाच तोंडं एकदम उघडली. पाणी सगळीकडे गेलं, पण नुसतं वरवर, माती ओली दिसली एवढंच. अण्णांनी खोरं घेतलं, चार ओढी मातीत तोंडं बुजवली आणि एकच आळं भरू दिलं. पाणी आधी बुडबुडत आत गेलं, मग वर चढलं, वाळकी पानं तरंगायला लागली, तेव्हा कुठे पुढचं तोंड फोडलं. "अगो, बाकीच्यांची पाळी उद्या. आज नाही मिळालं म्हणून मरत नाहीत ती." मी तिथंच उभी राहिले, एसटी गेली.

त्या रात्री नवऱ्याला कॅलेंडर दाखवलं. म्हटलं, महिन्यातला दुसरा शनिवार-रविवार खोल्या द्यायच्या नाहीत, मी माहेरी जाणार. तो गप्प झाला. सीझनमधला एक वीकेंड म्हणजे आमचे बारा-पंधरा हजार. मग म्हणाला, दोन खोल्या देऊ, जेवणाचं मी आणि माझी आई बघतो, तू जा. हे मला सुचलंच नव्हतं, मी धरूनच चालले होते की माझ्याशिवाय स्वयंपाकघर चालणार नाही.

सगळं जमतंय असं नाही हं. मार्चएंडला लेकीशी धड बोलणं झालं नाही, पण तिला आधी सांगितलं होतं की एक तारखेपर्यंत मी ऑफिसची, मग तुझी. तिनं दोन तारखेला बरोब्बर वही आणून पुढ्यात ठेवली. मे महिन्यात पाहुणे. पावसात खोल्या रिकाम्या, तेव्हा वाडीत हात घालायचा. कॅलेंडरात 'मी' पण लिहिते आता, सकाळी पाऊण तास समुद्रावर, भरती असली तर बांधावरून.

गेल्या शनिवारी लेकीला मागे बसवून स्कूटर दाभोळच्या जेटीवर नेली. फेरीबोटीत गाड्या लागल्या, दार वर उचललं गेलं, खाडीचा वारा सुटला. धोपाव्याला उतरून घरी पोचलो तर आई खळ्यातच होती, कोकमं उन्हात पसरत, हात आता बरा आहे. आमच्या पिशवीकडे बघून म्हणाली, "राहणार आहात ना आज?" लेक म्हणाली, उद्या संध्याकाळपर्यंत. आई आत गेली आणि डब्यात तांदूळ किती आहेत ते बघायला लागली.