तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रिगर कोणता घेऊ?

"काका, ट्रिगर कोणता घेऊ?" आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी हे विचारतंच. नागपुरात नेमबाजीच्या रेंजवर पोरांच्या रायफली जुळवून द्यायचा मला नाद आहे. घराची किल्ली विसरेन, पण खिशात स्क्रू फिरवायची षटकोनी एलन की असतेच. मागच्या महिन्यात मात्र एका पोरानं या प्रश्नाला शेपूट जोडलं. अमेरिकेतले व्हिडिओ पाहून आला होता. "एकच बॉडी, तिच्यावर तीन नळ्या, तीन कॅलिबर, म्हणजे तीन मापांची काडतुसं. पार्ट मागवून घरीच जोडतो. तुम्ही फक्त ट्रिगर सांगा."

म्हटलं, "बाप्पा, आधी चहा घे."

घरी जोडण्याचा विषय दोन वाक्यांत संपतो. 1959 च्या शस्त्र कायद्यात बंदुकीबरोबर तिचे सुटे भागही येतात, आणि परवान्याशिवाय ती बनवणं किंवा तिच्यात फेरफार करणं हा गुन्हा आहे. 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या, .177 बोअरच्या (म्हणजे नळीचं भोक .177 इंच) एअर रायफलीला परवाना लागत नाही, म्हणून आपली सगळी पोरं तिथूनच सुरुवात करतात. मॅचच्या एअर रायफलीचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला 170 मीटरच्या आसपास. म्हणजे ऊर्जा सव्वासात ज्यूलच्या आसपास. त्यात भागतं.

पण कल्पना वेडगळ नाही, हे मी त्याला सांगितलं. जर्मनीच्या ब्लाझर आर 8 सारख्या रायफलींत नळी बदलता येते. नुसती नळी बदलून मात्र चालत नाही. .223 कॅलिबरच्या काडतुसाचं बूड साधारण 9.6 मिलिमीटर, .308 चं 12. ते धरणारं बोल्टचं (काडतूस नळीत ढकलणाऱ्या दांड्याचं) डोकं वेगळं, मॅगझिन वेगळं, आणि दुर्बिणीचं झिरोइंग, म्हणजे नेम आणि मार जुळवणं, पुन्हा पहिल्यापासून. या सगळ्यात तसाच राहतो तो ट्रिगर. तेव्हा पोरानं नेमकं ट्रिगरचंच विचारलं, यात त्याची अक्कल दिसली.

चूक पुढे होते. "सगळ्यात हलका कोणता?" हा सगळ्यांचा दुसरा प्रश्न. ट्रिगरचं वजन म्हणजे तो ओढायला लागणारा जोर. 10 मीटर एअर पिस्तुलाला किमान 500 ग्रॅमचं बंधन आहे, 300 मीटरच्या स्टँडर्ड रायफलीला 1500 ग्रॅमचं. 10 मीटर एअर रायफलीला असं काही बंधनच नाही. मग काय, जो तो स्प्रिंग ढिली करत सुटतो. मीही सुटलो होतो. अंदाजे 40 ग्रॅमवर आणून ठेवला आणि स्वतःवर खूश होतो. जानेवारीतली मॅच, सकाळी सातचा डिटेल (पाळी), बोटं गारठलेली. ट्रिगरला बोट लागलं हे मला कळायच्या आत छर्रा गेला. सहा! ज्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथे सहा म्हणजे शेजारच्या लेनवाल्यानंही मान वळवून पाहिलं. त्या दिवसापासून माझा ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आसपास आहे, आणि थंडीत थोडा वरच.

माझ्या मते वजन सगळ्यात शेवटी बघायचं. आधी ब्लेडची, म्हणजे ट्रिगरच्या बोट टेकतं त्या पट्टीची जागा. रायफल खांद्याला लावा, डोळे मिटा, बोट आपसूक पडेल तिथे पडू द्या. पहिल्या पेराचा मधला भाग ब्लेडवर सपाट टेकला पाहिजे आणि बोटाची बाजू लाकडाला घासता कामा नये. ती घासली की प्रत्येक शॉटला नळी केसभर सरकते आणि आपण दोष देतो छऱ्यांना. मग पहिला टप्पा. टू-स्टेज ट्रिगरमध्ये आधी सैलसर ओढ असते, पुढे भिंत लागते. ती भिंत बोटाला स्पष्ट कळली पाहिजे. एकूण वजनातला बराच वाटा मी पहिल्या टप्प्यातच ठेवतो, म्हणजे भिंतीवर थांबल्यावर उरतं थोडंसंच. शेवटी शॉट सुटल्यानंतरची ट्रिगरची मोकळी चाल. ती पार शून्यावर आणायचा हट्ट नको, नाहीतर एखाद दिवशी शॉटच सुटत नाही. स्क्रू फिरवायचा तो पाव वळसा, मग छऱ्याविना वीस ड्राय शॉट, मग वाटलंच तर पुन्हा पाव. काही पोरं स्क्रू फिरवून राहिली की वाटतं, पंक्चर काढून राहिलेत.

बाकी पार्टमध्ये पैसे घालायचेच असतील तर बटप्लेट (खांद्याला टेकतो तो भाग) आणि चीकपीसमध्ये (गाल टेकतो तो भाग) घाला. रायफलीचं एकूण वजन 5.5 किलोच्या आत ठेवा. जुनी रायफल घेत असाल तर ट्रिगरआधी हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. मॅचमध्ये दहा वर्षांहून जुना चालत नाही आणि नवा स्वस्त येत नाही. आणि हे खास आपल्या गावासाठी: मे महिन्यात भरलेला सिलिंडर बंद गाडीत ठेवून सीताबर्डीला खरेदीला जाऊ नका. ट्रिगरमध्ये तेलही ओतू नका, आपली उन्हाळ्यातली धूळ त्यात बसते आणि जूनपर्यंत त्याची चटणी होते.

त्या पोराकडे क्लबची रायफल आहे. ट्रिगर नवा घेतलाच नाही. ब्लेड चार मिलिमीटर पुढे सरकवलं, जरासं तिरपं केलं आणि वजन उलट वाढवलं. दहा शॉट मारून म्हणतो, "काका, हा तर दुसराच ट्रिगर वाटून राहिला!" मी एलन की खिशात टाकली.

तेवढ्यात हळूच विचारतो, "मग ते तीन कॅलिबरचं काय?"