तुम्ही विचारलंत म्हणून: हे ऐनवेळी सुचतं कुठून?

"काकू, तुम्हाला हे ऐनवेळी सुचतं कुठून?" आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत हा प्रश्न मला जिन्यात, लिफ्टमध्ये, हळदीकुंकवात, कुठेही गाठतो. निमित्तं काही फार मोठी नसतात. घरात भाजीची काडी नसताना चार माणसं जेवायला आली आणि पोटभर जेवून गेली. मुलांच्या नाटुकल्यात रावणाचा मुकुट केकच्या खोक्याचा झाला. मोडक्या छत्रीच्या कापडाची बाजाराची पिशवी झाली. पण विचारणारी पुढे आवाज उतरवून जे म्हणते, तो खरा प्रश्न: "आम्हाला का नाही हो सुचत?" उभ्या उभ्या मी "सवय गं" म्हणून सुटते. नीट उत्तर द्यायचं तर आधी कुडाळला जावं लागेल.

माझं माहेर कुडाळजवळचं. मी शाळेत होते तेव्हा तो रत्नागिरी जिल्हाच होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ साली. भातकापणी आटोपली की गावोगावच्या जत्रा सुरू व्हायच्या आणि जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार. आम्ही त्याला धयकालो म्हणायचो, कारण पहाटे दहीहंडी फुटायची आणि काला व्हायचा. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर असा ठरलेला आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग होतो आणि मग आख्यान, म्हणजे मुख्य कथा लागते. कुठलं आख्यान लावायचं हे बऱ्याचदा त्याच दिवशी ठरतं. तोंडाला रंग लावता लावता जाणता नट बाकीच्यांना सांगतो: तू राजा, तू राणी, तू नारद, प्रवेश या क्रमाने, युद्ध इथे, शेवट असा. झाली तालीम. पुढचे कित्येक तास जे बोलणं होतं ते तिथल्या तिथे, समोरच्याच्या तोंडाकडे बघत.

नेपथ्य म्हणाल तर एक लाकडी बाकडं. त्यावर राजा बसला की ते सिंहासन, ऋषी बसला की शिळा, कुणी चढून उभं राहिलं की डोंगर नाहीतर रथ. घोंगडीवर बसलेल्या आम्हा पोरांना यातलं काही समजावून सांगावं लागत नसे. बाकड्याला चाकं लावली असती तर उलट आमचा रथ मोडला असता.

तेव्हा मला वाटायचं, या लोकांच्या जिभेवर सरस्वती बसलेली आहे. आमच्या वाडीतला एक जण मंडळात स्त्रीपार्ट करायचा. त्याला जवळून बघितल्यावर सरस्वतीचा पत्ता लागला. पावसाळ्यात काम नसलं की तो पडवीत पोथ्या वाचत बसायचा. अडलेल्या श्लोकाचा अर्थ भटजींना जाऊन विचारायचा. चिखलणी करताना द्रौपदी होऊन बैलांना सवाल घालायचा, आणि बैल गप्प राहिले की भीष्मद्रोणांच्या वतीने उत्तरंही स्वतःच द्यायचा. येणारे-जाणारे हसायचे. जत्रेच्या रात्री समोरच्या दुर्योधनाने भलतंच काही विचारलं आणि याने फटकन उत्तर दिलं की तेच लोक म्हणायचे, काय सुचलं बघा याला! त्यांनी आषाढातली चिखलणी पाहिली होती, पण तिचा आणि या उत्तराचा संबंध कुणी लावत नसे.

माझं म्हणणं एवढंच आहे. ऐनवेळी जे सुचतं ते बेगमीतून येतं. शेवट ठरलेला असावा, साठा पाठ असावा. मधलं आपोआप होत नाही, पण होतं.

बेगमी हा शब्द आमच्याकडे पावसाळ्याचा. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आता १ जून ते ३१ जुलै मासेमारीला सरकारी बंदी असते. पूर्वीही नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात कोण जातंय? म्हणून मे महिन्यात घर भरायचं. सुकट, खारवलेले बांगडे, आमसुलं, चिंचेचे गोळे, खारातल्या कैऱ्या, वाळवणाची मिरची, मातीत लिंपून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या, आणि कुळीथ. ते भाजून, भरडून, दळून त्याचं पीठ डब्यात गेलं की आई निर्धास्त व्हायची.

कुळथाची पिठी ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको, पण मला सांगायला आवडतं. लसूण, मिरची, हिंगाची फोडणी. त्यावर पाणी. पाणी उकळलं की पाण्यात कालवलेलं कुळथाचं पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळायचं, नाहीतर गाठी. मीठ, दोन-तीन आमसुलं. हे ठरलेलं. बाकी सगळं मोकळं. सुकट असली तर भाजून वरून, आठळ्या असल्या तर शिजवून आत, शेवग्याचा पाला असला तर तो, नाहीतर नुसता कच्चा कांदा फोडून पानात. आठवड्यात कितीदा पिठी खाल्ली हे आम्हाला कळायचं नाही, कारण ती दरवेळी वेगळी लागायची. नारळ संपला म्हणून सोलकढी अडायची नाही. आमसुलाच्या पाण्यात मिरची, हिंग आणि कोथिंबीर घातली की तिवळ झाली. "आसा तेच्यात भागय," म्हणजे आहे त्यात भागव, एवढंच आई म्हणायची. पुण्यात होस्टेलवर राहणारी माझी भाची फोनवर विचारते, मावशी, पीठ नेमकं किती? मी सांगते, अंदाजे. ती चिडते. बरोबर आहे तिचं. अंदाज फोनवरून पाठवता येत नाही. एकच पदार्थ इतक्या वेळा करावा लागतो की मग हातच सांगतो, आज पाणी जास्त झालंय. नव्या पदार्थाचा रोज एक व्हिडिओ बघणाऱ्या माणसाला हात बोलका व्हायला फुरसतच मिळत नाही.

व्हिडिओवरून आठवलं. माझ्या एका मैत्रिणीला 'टाकाऊतून टिकाऊ' करायचं होतं. तिने आधी त्यासाठी काचेच्या बाटल्या, सुतळी, रंग आणि गोंदाची बंदूक ऑनलाइन मागवली. सुंदर झालं, नाही म्हणत नाही. पण टाकाऊही विकतच आणायचं म्हटल्यावर सुचायला जागा उरते कुठे? सगळं मिळतं म्हटलं की डोकं दुकानाच्या वाटेला लागतं. माझ्या बाबतीतही हेच होतं. मॉलमध्ये मला आजवर काहीही सुचलेलं नाही.

म्हणून "आम्हाला का नाही सुचत" म्हणणाऱ्या बायकांना मी उलट विचारते: तुमच्या घरात आत्ता काय काय आहे, सांगा बघू. डोळे मिटून. दहातल्या आठजणी फ्रीजच्या दुसऱ्या कप्प्यापाशी थांबतात. माझ्या शिवणाच्या मशीनच्या खणात जुन्या शर्टांची बटणं, चेनी, नाड्या, साड्यांचे काठ, छत्रीच्या काड्या आहेत, आणि त्यातलं काय कुठे आहे हे मला अंधारात सांगता येतं. ही काही प्रतिभा नव्हे. पण कुणाचा मुकुट अडला की हात त्या खणाकडे जातो, आणि जाता जाता जे दिसतं त्यातून मुकुट ठरतो. आधी मुकुटाचं चित्र मनात आणून मग सामान शोधायला गेले असते तर अजून रावण बोडकाच उभा असता.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण या विषयावर लोक फार गोड बोलतात. काटकसरीचं कौतुक करणारे बहुतेक वेळा पानावर बसलेले असतात. माझ्या आजीने जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या. चारी बाजूंनी आत आत जाणारा धावदोरा, मध्ये कुठेतरी भलत्याच रंगाचा चौकोन. आज तशी गोधडी दुकानात काही हजारांना मिळते आणि तिच्या रंगसंगतीवर लेख येतात. रंगसंगती होती, मान्य. लाल काठाशेजारी हिरवा तुकडा ती मुद्दाम ठेवायची, मी पाहिलंय. पण गोधडी शिवली ती थंडी वाजते आणि रग परवडत नाही म्हणून. निवड करायला मिळाली असती तर रात्री रॉकेलच्या दिव्यापाशी डोळे फोडून टाके घालण्याऐवजी ती झोपली असती. त्यामुळे कुणी नवऱ्याने बायकोला "आहे त्यात भागव, तुझ्यात क्रिएटिव्हिटी आहे" म्हटलेलं ऐकलं की माझं डोकं फिरतं. आणि गॅसची नळी, विजेची वायर, औषधाचा डोस इथे माझी सगळी हुशारी बंद. तिथे माणूस बोलवायचा आणि त्याचे पैसे द्यायचे.

तरीही पोटाला चिमटा बसत नसताना, हौसेने, हा खेळ खेळायला मिळाला तर त्यासारखं सुख नाही. माझा आवडता डाव गणपतीत असतो. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. गोव्यात तिलाच माटोळी म्हणतात आणि तिथे तर तिच्या स्पर्धा लागतात. लाकडी चौकट, तिला आंब्याचे टाळ म्हणजे डहाळ्या, नारळ, सुपारीची शिपटी म्हणजे घोस, तवसं म्हणजे मोठी काकडी, आणि रानातून आणलेली कवंडाळं, शेरवडं. चौकट ठरलेली, वर टांगायचं हे ठरलेलं; काय आणि कुठे टांगायचं ते ज्याच्या त्याच्या रानावर आणि नजरेवर. डोंबिवलीत रान कुठलं? फलाटाबाहेर बसणाऱ्या आदिवासी बायकांकडे त्या दिवसांत जे येतं ते आमचं रान. आणि चौकट म्हणजे हॉलच्या छताला कपडे वाळत घालायच्या, दोरीने वरखाली होणाऱ्या दांड्या. दांड्या खाली घ्यायच्या, बसल्या बसल्या फळं बांधायची, दोरी ओढली की माटवी वर. गावच्या माटवीपेक्षा हे सोयीचं, असं माझ्या भावाने कबूल केलंय, आणि तो सहसा काही कबूल करत नाही.

यंदा मात्र मुलाने घर रंगवताना फॉल्स सीलिंग करून घेतलं. दांड्या गेल्या, कप्प्याही गेल्या, आणि वर काहीही टांगायचं नाही असं कारागिराने बजावलंय. ऑनलाइन तयार माटवी मिळते म्हणे, प्लॅस्टिकच्या फळांसकट. ती मी नको म्हटली. समोरच्या मावशींकडे नातवाच्या पाळण्याचा लोखंडी स्टँड पडून आहे. त्याच्या आडव्या दांडीला टाळ, सुपारी, तवशी एवढं पेलेल, नारळांचा भरवसा नाही. नारळ खाली पाटाच्या दोन्ही बाजूंना ठेवले तर चालेल का, हे भटजींना विचारायचंय. आणि स्टँडची उंची मोजायची राहिलीये. मूर्ती यंदा दीड फुटाची सांगितली आहे.