बिनब्रेकच्या बाइकमागे: ब्रिटिश स्पीडवेची दुसरी लीग, सीझन २०२२

कधीचं लिहायचं राहिलंय. २०२२ च्या उन्हाळ्यात मी न्यूकॅसलला होतो, ऑफिसातल्या एकानी सांगितलं की आपल्या ब्रफ पार्क स्टेडियमला स्पीडवे (मातीच्या गोल ट्रॅकवरची बाइकची रेस) असतं, एका संध्याकाळी सहज गेलो आणि अडकलोच. ही एसजीबी चॅम्पियनशिप, म्हणजे तिकडची दोन नंबरची लीग. ५०० सीसीची बाइक, गिअर एकच, ब्रेक नाहीच, पेट्रोलच्या जागी मिथेनॉल. चौघं सुटतात, दोन आपले दोन त्यांचे, चार फेऱ्या, मिनिटभरात खेळ खलास. अशा १५ हीट. पहिल्याला ३, मग २, १ आणि शेवटच्याला भोपळा.

आणि सीझन अर्ध्यावर असतानाच न्यूकॅसलच्या टीमनी लीग सोडली! जेमतेम पानावर बसलो तर वाढपीच निघून गेला. मग काय, बाहेरगावी जायला लागलो.

बेरिकला आधी जा (स्पेलिंगमध्ये डब्ल्यू आहे, बोलताना गायब). मॅच शनिवारी संध्याकाळी असते, न्यूकॅसलहून ट्रेननी पाऊण तास, जाताना उजवीकडच्या खिडकीत बसा, समुद्र दिसतो आणि शेवटी ट्वीड नदीवरचा २८ कमानींचा पूल. फक्त ग्राउंड नदीच्या अलीकडच्या तीरावर आणि स्टेशन पलीकडच्या, त्यामुळे पूल ओलांडून अर्धा तास परत चालत यायचं. शीलफील्ड पार्कला (हेच ते ग्राउंड) मधोमध फुटबॉलचं मैदान आणि भोवती ट्रॅक.

पहिल्या वळणावर मी मुद्दाम पुढे उभा राहिलो. स्टार्टची टेप वर उडाली, चौघं एकदम आत घुसले, मागचं चाक बाहेर फेकलेलं, डावा पाय लोखंडी तळव्याच्या बुटासकट जमिनीवर घासत, आणि पुढच्या सेकंदाला माझ्या चहात बारीक खडी. मागून जो वास आला तो मी कुठेतरी घेतलाय असं सारखं वाटत होतं, तिसऱ्या हीटला ट्यूब पेटली, एरंडेल! इंजिनाला परंपरेनी एरंडेलाचं ऑइल वापरतात. लहानपणी आजी नाक दाबून पाजायची तेच, इथे लोक डोळे मिटून हुंगतात.

शेजारच्या आजोबांनी माझा कोरा प्रोग्रॅम बघितला आणि काही न बोलता पेन्सिल हातात दिली. प्रोग्रॅम घ्याच, त्यात प्रत्येक हीटचा तक्ता असतो, आपणच नंबर भरायचे. लाल-निळं हेल्मेट घरच्या टीमचं, पांढरं-पिवळं पाहुण्यांचं. एवढं कळलं की पुरे. एखादा जखमी असेल तर त्याच्या जागी चक्क दुसऱ्या क्लबचा रायडर उसना आणतात, गेस्ट म्हणून, त्यामुळे मागच्या आठवड्यात ज्याला शिव्या घातल्या त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लागतात, मला अजून हे झेपत नाही.

रेडकारला माझा पोपट झाला. रेडकार बेअर्सची मॅच म्हणून थेट रेडकार स्टेशनवर उतरलो. ट्रॅक रेडकारमध्ये नाहीच, तो मिडल्सब्रोच्या बाजूला साउथ टीज मोटरस्पोर्ट्स पार्कला! पहिल्या हीट हुकल्या. बरं झालं ते इतकंच, की समुद्रावर लेमन टॉप आइस्क्रीम खाल्लं.

ग्लासगोला शुक्रवारची मॅच, अ‍ॅशफील्ड स्टेडियम, त्याच नावाचं लोकल स्टेशन जवळ आहे, त्यामुळे गाडी नसलेल्यांना सोयीचं. पूल (नदीवरचा नव्हे, Poole नावाचं गाव) लांब आहे, लंडनला काम असेल तरच वॉटर्लूहून करा, दोन तासांच्या वर लागतात. मला नाही जमलं. त्या वर्षीची लीग मात्र पूलच्या टीमनीच मारली, लागोपाठ दुसऱ्यांदा.

सीझन साधारण मार्चअखेर ते ऑक्टोबर. तिकीट वीस पाउंडांच्या आसपास धरा. जुना जॅकेट घाला, चष्मा असू द्या, कॉन्टॅक्ट लेन्स लावून वळणावर उभं राहू नका. लहान पोरांना कानाला काहीतरी लावा. मॅच नऊ-साडेनऊपर्यंत जाते, मध्ये कुणी पडलं तर आणखी उशीर, म्हणून परतीची शेवटची ट्रेन आधी बघा आणि मगच तिकीट काढा. निघण्याआधी क्लबचं पेज तपासा, कारण पाऊस झाला की मॅच रद्द, मी एकदा भर पावसात गेटवरून परत आलोय. मॅच मध्येच थांबली तर तिकिटाचा तुकडा फेकू नका, पुढच्या मॅचला चालेल का ते तिथल्या तिथे विचारून घ्या.