सरकार पक्षातर्फे

न्यायालयाच्या रोजनाम्यात, म्हणजे रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, माझे नाव क्वचितच येते. तिथे 'सरकार पक्षातर्फे सरकारी वकील हजर' एवढीच नोंद असते. जिल्ह्याच्या ठिकाणी सत्र न्यायालयात इतकी वर्षे फौजदारी खटले चालवल्यावरही लग्नाकार्यात भेटणारे नातेवाईक "यंदा किती जणांना आत टाकलंस?" असे हमखास विचारतात. मी विषय बदलते, कारण खरे उत्तर जेवणाच्या पंगतीत मावणारे नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये शिवकुमार विरुद्ध हुकुमचंद या प्रकरणात स्पष्ट केले होते की, काहीही करून आरोपीला शिक्षा व्हावी, अशी तहान सरकारी वकिलाला असता कामा नये.

आमची नेमणूक राज्य शासन करते. किमान सात वर्षे वकिली केलेल्यांची यादी जिल्हा दंडाधिकारी सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून तयार करतात. कनिष्ठ न्यायालयांत सहायक सरकारी अभियोक्ते असतात आणि ते पोलीस खात्याच्या अंमलाखाली असू नयेत, यासाठी 1995 मध्ये एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. तपास पोलिसांचा आणि खटला आमचा, ही वाटणी कागदावर सोपी दिसते. प्रत्यक्षात सकाळी साडेदहाला जामीन अर्जावरचा 'से', म्हणजे पोलिसांचे लेखी म्हणणे, घेऊन आलेला अंमलदार "मॅडम, सही तेवढी करा" म्हणतो, तेव्हा तिची कसोटी लागते. 'आरोपी फरार होईल, साक्षीदारांवर दबाव आणेल' ही दोन वाक्ये त्या 'से'मध्ये इतक्या वेळा वाचली आहेत की, आरोपीचे नाव बदलायचे राहून गेले आहे का, हेच मी आधी पाहते.

हे काम नेमके कशाचे असते, हे मला एका खुनाच्या खटल्याने शिकवले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळते. मुख्य पुरावा म्हणजे आरोपीच्या निवेदनावरून गोठ्यातल्या वैरणीखालून काढलेला कोयता. पहिला पंच साक्षीच्या वेळी फितूर झाला. आपण गोठा पाहिलाच नाही, सह्या चौकीत घेतल्या, असे त्याने शपथेवर सांगितले. न्यायालयाच्या परवानगीने मी माझ्याच साक्षीदाराचा उलटतपास घेतला. मुद्देमालाचे पुडके समोर आणले गेले. खाकी कागद, सुतळी, तुटकी लाख आणि कडेने ओल लागून शाई फुटलेले लेबल. लेबलावरची सही आपलीच आहे, एवढे त्याने कबूल केले आणि त्यापलीकडे तो हलला नाही.

खरी अडचण मात्र वेगळीच होती. कोयता जप्त झाल्यापासून रासायनिक विश्लेषणासाठी जाईपर्यंत नऊ दिवस पोलीस ठाण्यात पडून होता आणि त्या काळात तो ज्याच्या ताब्यात होता, त्या मुद्देमाल कारकुनाचे नाव दोषारोपपत्राच्या साक्षीदार यादीत नव्हते. त्याला बोलावल्याशिवाय कोयत्यावरच्या रक्ताला अर्थ नव्हता. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम 311 खाली, म्हणजे नव्या नागरिक सुरक्षा संहितेतल्या कलम 348 खाली येणारा, साक्षीदाराला बोलावण्याचा अर्ज मी दिला. कारकून रजिस्टर घेऊन आला. साक्षीआधी मी पान उघडले, तर जावक नोंदीच्या तारखेवर खाडाखोड होती आणि वरची शाई निराळी होती.

कारकुनाला परत पाठवता आले असते. साक्षीदार सोडून दिल्याची पुरसीस, म्हणजे तसे लेखी निवेदन, दिली की काम भागते आणि बचाव पक्षाला त्या पानाचा पत्ताही नव्हता. मी त्याला पिंजऱ्यात उभे केले, सरतपासातच, म्हणजे बचाव पक्षाच्या उलटतपासाआधी मीच, खाडाखोडीबद्दल विचारले आणि पानाला निशाणी पडून ते पुराव्यात आले. त्याला समाधानकारक खुलासा देता आला नाही. निकालपत्रात कोयता बाजूला पडला, उरलेल्या परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी तुटली आणि आरोपीला संशयाचा फायदा मिळाला.

निकालाच्या दिवशी मयताची आई व्हरांड्यात थांबली होती. ती रडली नाही. "बाई, ती वही तुम्ही नसती मागवली तर?" एवढेच तिने विचारले. निकालाची नक्कल कशी काढायची, शासनाने अपील केले नाही तरी पीडिताचे वारस म्हणून तिला स्वतःला अपील करता येते, त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मिळू शकतो, हे सारे मी तिला समजावले. तिच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते, हे आम्हा दोघींनाही कळत होते.

त्या आठवड्यात अपिलाबाबतचा अभिप्राय पाठवायचा होता. त्या खाडाखोडीवर मी एक सविस्तर परिच्छेद लिहिला, प्रकरण अपिलास योग्य नसल्याचे नमूद केले आणि फाईल जावकला दिली.